वेणीतले हिरवे मणी

एका राज्यात एक जुनी रीत होती. तेथील सिंहासनाला टेकायला पाठ नव्हती. राज्यकर्ता त्यावर बसला, की पुढचा वारस त्याच्या पाठीला पाठ लावून, नंगी तलवार घेऊन उभा राही. ज्याला सिंहासन मिळायचे, त्यानेच ते राखायचे, अशी पूर्वजांची आज्ञा होती.

वसुमती राणीची पाठ तिची धाकटी बहीण मेधिनी सात वर्षे राखीत होती. मग राणीला कन्या झाली आणि वारसाहक्क बहिणीकडून त्या तान्ह्या जिवाकडे गेला. बारशाच्या सकाळी मेधिनी अंगणात बसून तलवारीला धार लावीत होती. ते पाहून राणीच्या काळजात चर्र झाले. त्याच दिवशी तिने बहिणीला सरहद्दीवरच्या खिंडीत धाडले. कारण सांगितले नाही.

आता पाठ कोण राखणार? राणीने कालकेतू मांत्रिकाला बोलाविले. त्याने शापित खजिन्यातले दोन हिरवे मणी तिच्या वेणीत गुंफले. मागून कोणी शस्त्र उगारले, तर ते मण्यांना दिसे आणि मण्यांना दिसलेले राणीला दिसे.

"याचे मोल काय?" राणीने विचारले.

"ते आपोआप चुकते होईल, महाराणी."

तसेच झाले. दुसऱ्या दिवसापासून समोर येणाऱ्या प्रत्येकाची राणीला केवळ पाठ दिसू लागली. प्रधान बोले, तो पाठमोरा. दासी हसे, ती पाठमोरी. पाळण्यातली लेक हात पसरी, तेव्हा राणीला तिचे जावळ तेवढे दिसे. वेणी सुटेना, कात्रीला दाद देईना आणि कालकेतू तर केव्हाच नाहीसा झाला होता.

लेक तीन वर्षांची झाली. एके दिवशी तिने विचारले, "आई, तू माझ्याकडे कधीच का बघत नाहीस?"

राणी उठली. लेकीला दाईच्या हाती सोपवून ती उपाय शोधायला एकटीच रानात गेली. तेथे सावरीच्या झाडावर धनेश पक्षी बसला होता. झाडाच्या ढोलीत त्याची मादी अंड्यांवर बसली होती. ढोलीचे तोंड चिखलाने लिंपलेले होते. चोचीपुरती फट तेवढी मोकळी होती.

"मी घास घेऊन आलो नाही, तर ती उपाशी मरेल," धनेश म्हणाला. "तरीही दार तिने स्वतःच लिंपले."

"मला उपाय सांग, पक्षिराज."

"मण्यांवर पट्टी बांध. मग तीनदा पाठ उघडी टाक: पुराला, वाघाला आणि जिचे तुला भय वाटते तिला. वेणी तिच्याच तलवारीने तुटेल."

राणी पुराकडे पाठ करून नदीकाठी बसली. पाणी कमरेपर्यंत चढले आणि ओसरले. मग ती वाघाच्या गुहेच्या तोंडाशी निजली. उष्ण श्वास मानेला लागला. वाघ हुंगून निघून गेला. खिंडीकडे जाताना मात्र ती पावलोपावली थांबू लागली.

खिंडीत मेधिनी उभी होती. तोंड परराज्याकडे, पाठ स्वराज्याकडे आणि हाती तलवार. तीन वर्षे ती अशीच उभी राहत आली होती. राणीने आजवर असंख्य पाठी पाहिल्या होत्या. शापाने न दाखविलेली अशी ही एकच होती.

"ताई, किती हळू चालतेस!" मेधिनी न वळताच म्हणाली.

"मेधिनी, बारशाच्या दिवशी तू धार का लावीत होतीस?"

"एकीऐवजी दोघींची पाठ राखायची होती. ती काय बोथट तलवारीने राखू?"

राणीने बहिणीकडे पाठ केली आणि गुडघे टेकले. "ही वेणी काप."

मेधिनी वळली. "माझ्या हाती तलवार आहे, ताई. आणि ज्या मण्यांची गोष्ट मी खिंडीतही ऐकली, त्यांच्यावर पट्टी आहे."

"ठाऊक आहे मला."

मेधिनीने वेणी हाती धरली. "मग मान सरळ ठेव. लहानपणीही वेणी घालताना तू अशीच हलायचीस."

एकच घाव. वेणी खडकावर पडली आणि मण्यांची माती झाली. राणी वळली. तीन वर्षांनी तिला पहिले मुख दिसले: उन्हाने रापलेले, डाव्या गालावर खळी पडलेले.

दोघी राजवाड्यात आल्या, तेव्हा लेक दारातून धावत आली. राणीने तिची हनुवटी उचलली आणि कितीतरी वेळ ती पाहतच राहिली.

"मेधिनी, अगं, हिला तुझीच खळी पडते!"

"मग? इतके दिवस कुठे पाहत होतीस?"

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. सिंहासनावर राणी बसली, मांडीवर तिची लेक आणि पाठीला पाठ लावून मेधिनी. राणीने एकदाही मागे वळून पाहिले नाही. जशी तिची पाठ निर्धास्त झाली, तशी ऐकणाऱ्यांची होवो आणि सांगणारीचीही होवो.