दारावरची बशी

फुर्र, फुर्र! कोण फुरफुरतंय?
सगळं गाव फुरफुरतंय. गावाचं नावच फुरफुरगाव. तिथे सगळे बशीतून चहा पितात.

तिथे सगळं चहानंतर.
लग्न? चहानंतर.
भांडण? तेही चहानंतर.
एकदा तर लढाई आली. शत्रू वेशीपाशी आला. ढाम ढाम, ढाम ढाम!
गाव म्हणालं, "थांबा हं. आधी चहा!"
शत्रूलाही दिला. फुर्र! शत्रू म्हणाला, "आणखी एक मिळेल?"
लढाई राहूनच गेली.

अशा त्या गावात एक मुंगी. एवढीशी. ठिपक्याएवढी. नावही ठिपकी.
ठिपकी फार भित्री. पान पडलं, दचकली. माशी शिंकली, दचकली.

वेशीपाशी तिचं बीळ. बिळात तिची बाळं. एकदा ठिपकी गेली खाऊ आणायला. शेवेचा तुकडा मिळाला. ओढत ओढत घरी आणला.
बघते तर काय? दारच नाही!
दारावर बशी! मोठी, पांढरी, निळ्या काठाची.
बशीखालून आवाज आला, "आई गं, अंधार! आई गं, भूक!"

बशीशेजारी बसला होता रंभाजी शिपाई. हीऽ मोठी मिशी.
"शिपाईदादा, शिपाईदादा, बशी उचल ना!"
"कोण आहे रे तिकडे?" शिपाई गरजला.
ठिपकी दचकली. टुणकन उडाली. पण पुन्हा आली.
"मी ठिपकी.
माझी बाळं आत, मी बाहेर!
तू बशी उचल ना!"
शिपाई म्हणाला, "छे छे! मांडलेली बशी रिकामी उचलू नये. गावची रीत आहे."
"कुणी केली रीत?"
"केली असेल कुणीतरी चहा पिता पिता! आधी चहा आण. मग उचलतो."

ठिपकी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.
यशोमावशीकडे आली. मावशी चहावाली. किटली मोठी, जीभ त्याहून मोठी.
"मावशी, मावशी, चहा कर ना!
दादा बशी उचलत नाही.
माझी बाळं आत, मी बाहेर!"
मावशी म्हणाली, "दूध कुठाय गं बाई? दुधाशिवाय चहा? त्याला चहा नाही, काढा म्हणतात! आधी दूध आण. मग करते."
झाकण आपटलं, ठण्ण! ठिपकी दचकली.

ठिपकी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.
केरूमामाकडे आली. मामा गवळी. म्हैस उभी, मामा आडवा.
"मामा, मामा, दूध काढ ना!
मावशी चहा करत नाही.
दादा बशी उचलत नाही.
माझी बाळं आत, मी बाहेर!"
मामा म्हणाला, "असं कसं काढू? आधी विचार करायला हवा. विचाराला कॉफी हवी. आधी कॉफी आण. मग काढतो."
म्हैस रेकली, "आँऽऽ!" ठिपकी दचकली.

ठिपकी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.
विसूआबांकडे आली. आबा कॉफी दळतात. चष्मा नाकावर, नाक वर.
"आबा, आबा, कॉफी दळा ना!
मामा दूध काढत नाही.
मावशी चहा करत नाही.
दादा बशी उचलत नाही.
माझी बाळं आत, मी बाहेर!"
आबा म्हणाले, "हे बघ बाळ, कॉफी म्हणजे शहाण्यांचं पेय. पण कडू फार! आधी तोंड गोड हवं. आधी उसाचा रस आण. मग दळतो."
आबा शिंकले, आक्छी! ठिपकी दचकली. पार उंबऱ्याबाहेर जाऊन पडली.

ठिपकी उठली. लुटुलुटु, लुटुलुटु.
रसाच्या चरकापाशी आली. तिथे होता पवळ्या बैल. गळ्यात घुंगरू. पण घुंगरू गप्प.
"बैलोबा, बैलोबा, रस काढ ना!
आबा कॉफी दळत नाहीत.
मामा दूध काढत नाही.
मावशी चहा करत नाही.
दादा बशी उचलत नाही.
माझी बाळं आत, मी बाहेर!"
बैल म्हणाला, "मी फिरतो गोल गोल. रस पितात ते गोल गोल. मला कुणी विचारलं, पवळ्या, पाणी पितोस का? आधी पाणी आण. मग काढतो."

पाणी? नुसतं पाणी?
ठिपकीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोपऱ्यात होता एक रांजण. अंगावर शेवाळ. तोंडावर कोळ्याचं जाळं.
"रांजणभाऊ, रांजणभाऊ, पाणी दे ना!
बैल रस काढत नाही.
आबा कॉफी दळत नाहीत.
मामा दूध काढत नाही.
मावशी चहा करत नाही.
दादा बशी उचलत नाही.
माझी बाळं आत, मी बाहेर!"

ठिपकी घाबरली. आता हा काय मागणार?
रांजण हळूच म्हणाला, "काय म्हणालीस? पाणी? पुन्हा म्हण ना!"
"पाणी!"
"आणखी एकदा!"
"पाणी, पाणी, पाणी!"
रांजणाच्या डोळ्यांतच पाणी आलं. "अगं, सगळे म्हणतात चहा, नाहीतर कॉफी, नाहीतर रस. मला कुणी हाकच मारत नाही. घे, हवं तेवढं घे!"
रांजण कलला. बदाबदा, बदाबदा!

बैल पाणी प्याला, गटगट गटगट.
बैलाने रस काढला, छुम छुम छुम छुम.
आबा रस प्याले. आबांनी कॉफी दळली, घुर्र घुर्र.
मामा कॉफी प्याला. मामाने विचार केला. खूप विचार केला.
"कसला विचार केलास रे मामा?"
"दूध काढावं, असा!"
मामाने दूध काढलं, चुर्र चुर्र.
मावशीने चहा केला, खदखद खदखद.
मावशीने बशी भरली. काठोकाठ!
दादाने बशी उचलली. अलगद.

दार उघडलं! उजेड आत गेला, बाळं बाहेर आली. ठिपकीने सगळ्यांना पोटाशी घेतलं. शेव दिली. कुरुम कुरुम.
फुर्रऽऽ! शिपाई फुरफुरला. ठिपकी दचकली. बशी हलली. चहाचा एक थेंब पडला, टप्! बरोब्बर दारात.
केवढा थेंब! मुंग्यांचं तळंच ते. गोड गोड तळं! बाळं चाटून चाटून प्याली. पोटं झाली टम्म.

सकाळ झाली. ठिपकी म्हणाली, "उठा रे बाळांनो! चला, रांगेत चला. दाणे आणायचेत."
एकही बाळ हलेना.
"काय रे, काय झालं?"
सगळी बाळं एकदम म्हणाली,
"आई, आधी चहा!"
ठिपकीने कपाळाला हात लावला. मुंगीला हात कुठले? सगळे पाय लावले. आणि टुपकन आपटली!

किटली रिकामी, बशी पालथी,
ठिपकीची गोष्ट इथवर होती.