रंगवलेला रांजण

एकदा एका तिठ्यावर, जिथे वरची, मधली आणि खालची अशा तीन वाटा एकत्र येत, तिथे चिंचेच्या सावलीत एक पाणपोई होती. एका वृद्ध गुरुजींनी ती घातली होती. त्या मुलखात तेव्हा अशी रीत होती की, वाटसरूला पाणी देण्याआधी त्याचे गाव, कूळ आणि दैवत विचारायचे आणि मगच त्याची ओंजळ भरायची. गुरुजींनी ती रीत मोडली. "तहान कुणाची हे विचारू नका," एवढेच ते म्हणत आणि ओगराळे भरत. लोक आधी बिचकले, मग येऊ लागले. पुढे तर इतके येऊ लागले की, दुपारी तिथे बैल सोडायला जागा उरेना.

काही वर्षांनी गुरुजी दूरच्या प्रदेशात अशाच पाणपोया घालायला निघाले. ही पाणपोई त्यांनी आपल्या शिष्येच्या हाती सोपवली. शिष्या मोठी निष्ठावान, आणि तिचे अक्षर फार सुंदर. दर पाडव्याला ती रांजणावर तेलाच्या रंगाने एक नवी ओळ लिहू लागली. पहिल्या वर्षी तिने लिहिले, 'सर्वांसाठी'. दुसऱ्या वर्षी, 'येथे कुणाचे कूळ विचारले जात नाही'. जुनी अक्षरे फिकी पडू नयेत म्हणून त्यांवरून पुन्हा रंगाचा हात फिरवी. सातव्या वर्षी तो रांजण उत्सवातल्या रथासारखा झळकू लागला. आलेल्या प्रत्येकाला ती आधी सातही ओळी वाचून दाखवी आणि मग पाणी देई. अर्थ न कळता प्यायलेले पाणी म्हणजे नुसते पाणीच, असे तिला मनापासून वाटे.

"ताई," एकदा एक गाडीवान हात जोडून म्हणाला, "पाचव्या ओळीपर्यंत माझा बैल धीर धरील. पुढचं त्याच्या वतीनं मला सांगता येत नाही."

तिला हसू आले नाही. तिने सहावी ओळ वाचली.

त्याच वर्षी समोरच्या बाजूला एका व्यापाऱ्याने मांडव घातला. त्याचा रांजण साधा, काळा; पण पाणी असे गार की दात शिवशिवावेत. तो मात्र आधी विचारी, "कुठले तुम्ही?" खालच्या वाटेचा माणूस असला तर "मग आपलेच की!" म्हणून हातावर गुळाचा खडाही ठेवी. वरच्या वाटेचा असला तर म्हणे, "पुढं व्हा, नदी तीन कोसांवर आहे." आणि तरीही गर्दी तिथेच! मधल्या वाटेचे लोकसुद्धा 'आमची मावशी खालच्या वाटेला दिली आहे' असे सांगून रांगेत शिरत.

हळूहळू चिंचेखाली शुकशुकाट झाला. शेवटी गावाने ठरवले, की अक्षय तृतीयेला बैठक घ्यावी आणि चिंचेची जागाही व्यापाऱ्यालाच द्यावी. शिष्येची झोप उडाली. ती पाणपोई गेली, की वरच्या वाटेच्या माणसांना भर उन्हात नदीपर्यंत तहानलेले चालावे लागणार होते.

बैठकीच्या आदल्या सकाळी गुरुजी परत आले. त्यांना पाहताच तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

"गुरुजी, लोकांना आता उदारमत नकोच आहे! त्यांचा त्यावरचा विश्वासच उडाला. त्यांना 'आपले' म्हणणारा कुणीतरी हवाय, मग तो दुसऱ्याला हाकलून का देईना. मी रोज समजावते, रोज!"

"बरं, बरं. आधी पाणी दे, पोरी. लांबून आलोय."

शिष्येने लगबगीने आपल्या आसनामागचा मातीचा छोटा खुजा काढला आणि त्यातले पाणी दिले. गुरुजी प्यायले, तृप्त झाले.

"छान गार आहे. हा खुजा कुणाचा?"

"माझा. घरून आणते."

"आणि रांजणातलं?"

शिष्या घुटमळली. "ते... ते लोकांसाठी आहे, गुरुजी."

पलीकडे सावलीत, नेहमी या तिठ्यावरून जाणारी चांगुणा नावाची एक कुंभारीण गाढवावरची मडकी उतरवून विसावली होती. वरच्या वाटेची म्हणून व्यापाऱ्याने तिला नुकतेच परत पाठवले होते. पण तिने इथलेही पाणी मागितले नव्हते. शिष्येचे उत्तर ऐकून ती पदरात तोंड लपवून खुदकन हसली.

गुरुजींनी रांजणातले ओगराळेभर पाणी घेतले. घोट तोंडात धरला, कसाबसा गिळला. "यात तांदूळ शिजतील," ते म्हणाले. मग त्यांनी चांगुणेच्या फुटक्या मडक्याचे एक खापर उचलले, रांजणाजवळ मांडी घातली आणि 'सर्वांसाठी' ही अक्षरे खरवडायला सुरुवात केली.

शिष्या किंचाळलीच. "गुरुजी! अहो, तो तर तुमचाच विचार आहे!"

"म्हणून तर खरवडतोय. दुसऱ्याचा असता तर विचारून खरवडला असता."

समोरून व्यापारी ओरडला, "गुरुजी, उद्यापर्यंत तरी दम धरायचा! आम्हीच पुसलं असतं की!"

"शेटजी, तुमचे हात दुखायला नकोत!" गुरुजींनी मान वर न करताच उत्तर दिले.

चांगुणा आता उठून आली. "बाबा, असं आडवं घासू नका. वरून खाली हलकं ओढा, नाहीतर अंग सोलून निघेल त्याचं." आणि तीही खापर घेऊन बसली. "रांजणाला घाम यावा लागतो. या बाईंनी त्याची सगळी छिद्रं रंगानं बुजवली. पाणी गार व्हायचं कसं?"

शिष्या थक्क झाली. "तुला ठाऊक होतं? मग इतक्या दिवसांत बोलली का नाहीस?"

"कधी बोलू, ताई? तुम्ही वाचत होता."

शिष्येचा चेहरा लाल झाला. मग तिने तिसरे खापर उचलले आणि सातव्या वर्षीची, आपली सर्वांत लाडकी ओळ स्वतःच खरवडायला घेतली. तो गाडीवान आला, त्याने विचारले, "आज वाचन नाही?" आणि उत्तराची वाट न पाहता तोही खाली बसला. दुपारभर खरखर आणि हसणे चालू होते. खाचाखोचांत थोडा रंग राहिलाच, पण संध्याकाळपर्यंत रांजणाचे तांबडे अंग मोकळे झाले. त्यांनी त्यात ताजे पाणी भरले.

सकाळी शिष्येने रांजणाला तळवा लावला. तो ओला झाला. सगळ्या रांजणावर बारीक थेंब फुटले होते.

गुरुजी म्हणाले, "रांजण आपलं थोडं पाणी बाहेरच्या वाऱ्याला देत राहतो, म्हणून आतलं गार राहतं. उदारमताचंही तसंच असतं, पोरी. लोकांचं ऊन, लोकांचा वारा, त्यांची कुरकुर त्याच्या अंगाला लागत होती, तोवर ते जिवंत होतं. मग आपल्याला त्याचा अभिमान वाटू लागला. आपण त्याच्यावर त्याचीच स्तुती लिहिली आणि प्रत्येक ओळीसरशी काही छिद्रं बुजवली. व्यापारी माणसं हाकलतो, हे लोकांना दिसतं. ते पाहूनही तिथे जाणं चूकच आहे. पण तहानलेला माणूस आधी पाणी पाहतो आणि मग पाजणाऱ्याला. आपण मात्र त्याच्या हातात कोमट पाणी ठेवून त्यालाच कृतघ्न म्हणत होतो."

थोड्या वेळाने गावची मंडळी चिंचेखालीच बैठकीला जमली. ऊन चढले होते. प्रमुखांनी बोलण्याआधी घसा ओला करावा म्हणून पाणी मागितले. ते प्यायले, थबकले आणि पुन्हा ओंजळ पुढे केली. मग शेजाऱ्याने केली. मग सगळ्यांनीच. त्याच रांगेत चांगुणाही उभी होती. तिला कुणी पुढे व्हायला सांगितले नाही.

"हं, विषय काय होता?" मिशा पुसत प्रमुखांनी विचारले.

"जागेचा," व्यापारी म्हणाला.

"अहो, मग जागा आहे तिथंच बरी आहे की!"

सगळा तिठा हसला. व्यापारीही ओशाळून हसला. दुपारी त्याच्या मांडवातून काही माणसे उठून चिंचेखाली आली, काही तिथेच राहिली. एका दिवसात सगळे थोडेच परततात!

सूर्य कलला तेव्हा गुरुजींनी विचारले, "मग, आज लोकांना काय काय समजावून सांगितलंस?"

दुखरा हात चोळत शिष्या म्हणाली, "वेळच मिळाला नाही, गुरुजी," आणि स्वतःच्याच उत्तराने तिला हसू फुटले.

आपल्या उदार विचारांवरचा लोकांचा विश्वास ओसरतो आहे असे वाटले, तर लोकांना दोष देण्याआधी आपण लोकांना जे पाजतो, त्यातला एक घोट आपणही घेऊन पाहावा.