मसूचं पीठ

एकदा काय झालं, गिरजा अंगणात पापड वाळत घालत होती. रोजच्यासारखाच दिवस. कावळा हाकलावा, पापड उलटावा. तेवढ्यात वेशीवर दवंडी झाली. "ऐका हो ऐका. पुनवेला तुरुंगातलं पीठ गावोगाव येईल. कैद्यानं ज्याचं नुकसान केलं, त्या माणसानं त्याच कैद्यानं दळलेल्या पिठाची भाकरी खाल्ली, तर कैदी घरी. नाही खाल्ली, तर जन्मभर आत."

गिरजेचा हात थांबला. तिचा धाकटा भाऊ मसू तुरुंगात होता, बरं का. शेजारच्या रखमाकाकूचा बैल त्याच्या शेतात शिरला होता, आणि मसूनं रागाच्या भरात काकूचं खळंच पेटवलं होतं. वर्षाची ज्वारी एका संध्याकाळी राख झाली.

आता त्या राज्यातली दळायची जाती कशी होती, ठाऊक आहे? त्यांना ऐकू यायचं. जशी ओवी, तसं पीठ. तुरुंगातले पुरुष मुकाट्यानं दळायचे, म्हणून तिथलं पीठ कडूजहर. गावात कुणी ते तोंडाला लावत नसे.

मग गिरजा निघाली ती तुरुंगाच्या दारात. शिपायानं विचारलं, "काय आणलंस गं?"

"ओवी."

"ती बायकांची. आत सगळे मिशीवाले."

"मिशीला पीठ लागत नाही का, दादा?"

शिपाई हसला. हसता हसता त्यानं दार उघडलं.

गिरजा मसूच्या समोर बसली. जात्याचा खुंटा दोघांनी धरला. ती म्हणाली, "चाल मी देते. शब्द तुझे तू घाल."

मग मसूनं पहिली ओवी गायली.

काकूचा तो बैल, माझ्या शेतात गं चरला,
देवानं केला न्याय, माझा दोष नाही उरला.

गिरजेनं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. कडुनिंबाचा पाला बरा. तिनं थुंकून टाकलं.

मग मसूनं दुसरी गायली.

राजा माझा सोन्याचा, त्याची चांदीची तुरुंगशाळा,
त्याच्या गं राज्यामधी, कैद्यालाही सुखसोहळा.

या वेळी शिपायानं पीठ चाखलं. कचकन खडा लागला. "एवढं खोटं माझ्यासमोर तरी गाऊ नकोस रे," तो गाल धरून म्हणाला.

सगळे कैदी हसले. मसू हसला नाही. त्यानं खुंटा सोडला. मग म्हणाला, "ताई, खरं आहे ते मला बोलवत नाही."

"मग बोलू नकोस. गा."

मग तिनं जातं हळूच फिरवलं, आणि मसूनं तिसरी ओवी गायली.

कोलीत माझ्या हाती, खळं मीच पेटविलं,
काकू गं तुझ्या ताटातलं, वर्ष मीच हिरावलं.

आवाज फाटला, पण तो थांबला नाही. आणि जात्यातून पीठ पडलं ते चांदण्यासारखं. चव गोड. ओवी पिठात मुरली होती.

पलीकडच्या जात्यावरचा म्हातारा कैदी पुढे सरकला. "बाई, ती चाल मलाही द्या," म्हणाला. मग एकेक करत सगळ्यांनी आपापली ओवी रचली. कुणाची लांबली, कुणाची अडली, एकाची तर नुसती रडण्यातच गेली. पण त्या दिवसापासून तुरुंगात कडू पीठ निघालं नाही.

पुनवेला मसूचं पीठ गावात आलं. गिरजेनं भाकरी थापली. सगळं गाव पारावर जमलं. रखमाकाकूनं तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावता चावता डोळे मिटले. त्या घासात तिला ती ओवी ऐकू आली, बरं का.

काकूनं घास गिळला. म्हणाली, "एका बाजूनं करपलीय, गिरजे."

आणि तिनं दुसरा तुकडा मोडला.

मग काय, गावाचा जीव भांड्यात पडला. मसू घरी आला. त्यानं काकूचं खळं सारवून दिलं, पहिल्या सुगीची ज्वारी तिच्या कणगीत ओतली. तुरुंगातले बाकीचेही एकेक करून आपल्या घरी पोचले. सगळ्यांची चूल पेटली, सगळे पोटभर जेवले आणि निवांत झोपले. तुम्हीही झोपा आता. पांघरूण नीट घ्या.

रखमाकाकू मात्र मसूशी अजून बोललेली नाही. तेवढं राहिलंय.