खिसे कापलेली वाकळ

"पण चुकलं कुठं, तेवढं सांगा ना बाबा."

शर्वरीनं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

दस्तगीरबाबांनी मान वर केली नाही. सुई आणि दोरा तेवढा तिच्यापुढे धरला.

"ओवून दे बेटी. दिसत नाही."

तिनं ओवून दिली. एका दमात, दोऱ्याचं टोक ओठांत न धरता.

"शाब्बास," बाबा म्हणाले आणि शिवायला लागले.



गावाबाहेरच्या माळावर, एका जुन्या चिंचेखाली बाबांचा तकिया होता. फकिराचं बिऱ्हाड ते केवढं असणार! एक खोली, एक ओटा आणि ओट्यावर जुन्या कापडांचा ढीग. फाटकी लुगडी, विटलेली धोतरं, आखूड झालेले शाळेचे गणवेश, जे घरात नको झालं ते लोक इथं आणून टाकत. बाबा त्यांच्या वाकळी शिवत. एकटे मात्र कधीच नाही. जो ओट्यावर चढेल त्याच्या हाती एक कड यायची. चारी कडांनी सुरू झालेली शिवण आत आत सरकत मध्यावर येऊन संपायची. ज्यांची कापडं, त्यांच्या घरी ती वाकळ जायची.

लोक म्हणत, बाबांच्या वाकळीखाली झोप लागते.

शर्वरीचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. तिचा विश्वास होता टाक्यावर. पुण्यात चार वर्षं ती वस्त्रकला शिकली होती. जुन्या कापडाचा एक तुकडाही वाया जाता कामा नये, यावर ती तासभर बोलू शकायची. आणि बोलायचीही.

"झोप लागते म्हणजे तुमच्या टाक्यात काहीतरी वेगळं असणार," ती म्हणाली. "ते मला शिकवा. माझ्याकडं सोमवारपर्यंतच वेळ आहे."

"सोमवारी काय हाय?"

हे ताराक्कानं विचारलं. ताराक्का म्हणजे गावातली साठीची बाई. समोरची कड धरून बसली होती. सून चुलीपाशी उभी राहू देत नाही म्हणून दुपारची इथं येते, असं तीच सगळ्यांना सांगायची. पुढं हेही सांगायची की, बरंच झालं.

"अहमदाबादला जायचंय. नोकरी आहे. दोन वर्षं."

"आन् घरी कोन?"

"आई इथंच."

"एकटी?"

शर्वरीनं पिशवीतून आपली वाकळ काढली आणि ओट्यावर पसरली.

ताराक्काचा हात थांबला.

"आगं बया! ही तू शिवलीस? हातानं?"

खाकी आणि चौकड्यांचे चौकोन. कोपऱ्याला कोपरा असा भिडलेला की मुंगीला शिरायला वाट नव्हती. धावदोऱ्याच्या ओळी पट्टीनं आखल्यासारख्या सरळ. कुठं चुणी नाही की कुठं गाठ दिसत नाही.

"अण्णांचे शर्ट आहेत," शर्वरी म्हणाली. "माझे वडील. वायरमन होते. गेल्या वर्षी गेले."

बाबांनी वाकळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग जागेवरून उठले, दोन पावलं चालले आणि त्या वाकळीच्या मधोमध मांडी घालून बसले. मातीच्या पायांनी, हातातल्या चहाच्या पेल्यासकट!

"बाबा! अहो, ती माझ्या वडिलांच्या..."

"मग?" बाबा म्हणाले. "वडील अंगाखांद्यावर बसू देत नव्हते का?"

ताराक्का फिसकन हसली. शर्वरीचे कान लाल झाले. हा माणूस आपली चेष्टा करतोय की परीक्षा घेतोय, तिला समजेना.

"आईनं काय केलं हिचं?" बाबांनी विचारलं.

तेच तर दुखणं होतं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी शर्वरीनं ही वाकळ आईपुढे उघडली होती. कुणाला पत्ता लागू न देता वसतिगृहाच्या खोलीत बसून चार महिने तिनं ती शिवली होती. आईनं हात फिरवला होता. म्हणाली होती, "छान झालीये गं. अगदी विकतच्यासारखी."

मग तिची घडी घालून, डांबरगोळ्या टाकून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिली. पाहुणे आले की काढून दाखवायची. पाहुणे गेले की परत वर.

"एकदाही अंगावर घेतली नाही," शर्वरी म्हणाली. "तिला रात्रीची झोप नाही. बोलणं म्हणाल तर कामापुरतं. आधी अख्ख्या गल्लीचं रफू करायची ती. कुणाचा झगा, कुणाची दप्तरं, सगळं आमच्या घरी यायचं. आता वर्षभर सुईला हात लावलेला नाही. आणि मी चाललेय... मला जाण्याआधी एकदा, एकदाच तिला या वाकळीखाली झोपलेलं बघायचंय, बाबा. म्हणून विचारते. माझं चुकलं कुठं?"

बाबांनी चहाचा घोट घेतला.

"शिवली कशी?"

इथं शर्वरीला जरा हुरूप आला. हे तिला सांगता येण्यासारखं होतं.

"आधी सगळे शर्ट उकळून धुतले. डाग गेले. मग शिवणी उसवल्या. झिजलेला भाग सगळा काढून टाकला. कॉलर, बाह्यांची टोकं, कोपरं. खिसे तर सगळेच काढावे लागले."

"खिसे का?"

"त्यांची अगदी चाळण झाली होती. अण्णा खिशात टेस्टर ठेवायचे, पक्कड ठेवायचे. दर महिन्याला फाटायचा. आई दर महिन्याला रफू करायची. करून करून असा जाड गोळा झाला होता तिथं. आणि दोरा कुठला, तर हाताला येईल तो. हिरवा, काळा, एकदा तर चक्क गुलाबी! ऑफिसात हसायचे अण्णांना."

"मग अण्णा काय म्हणायचे?"

"म्हणायचे, वीजबोर्डात एवढं मोठं जोडकाम कुणाच्या खिशाला नाही."

ताराक्का पुन्हा हसली, पण या वेळी हळू.

"तर ते सगळं काढलं," शर्वरी घाईनं म्हणाली. "चांगलं तेवढंच ठेवलं. अकरा शर्टांतून एकशे वीस चौकोन निघाले. एकसारखे."

"आणि काढलेलं?"

"ते पिशवीत भरून घरी आणलं, तसंच पडलंय. मी दोनदा कचऱ्याच्या गाडीत टाकायला बाहेर ठेवली. दोनदा आईनं आत आणली. तीच उशाला घेऊन दुपारची पडते. चिंध्यांची पिशवी, बाबा! कपाटात एवढी वाकळ असताना."



चिंचेतून एक वाळकं पान वाकळीवर पडलं. शर्वरीनं ते पटकन उचललं.

...

"तुम्ही काहीच बोलत नाही," ती शेवटी म्हणाली.

"सुई ओव," बाबा म्हणाले. "संपला दोरा."

तिनं पुन्हा ओवून दिली. या खेपेला जरा रागानंच.

"आमच्या बाबांची नजर लई अधू," ताराक्का आपल्या कडेवर वाकत म्हणाली. "मी पयल्यांदा हितं आले तवा मलाबी पयली सुई हीच ओवाय लावली. नवरा जाऊन आठ दिस झालं हुतं. मी म्हनलं, म्हाताऱ्या, मला माझंच दिसंना झालंय, तुझी सुई कुठनं ओवू?"

"मग?"

"मग काय. ओवली. दीड तास लागला."

शर्वरीनं ताराक्काच्या कडेकडे पाहिलं. टाके दारू प्यायल्यासारखे चालले होते. एक लांब, एक आखूड, मध्येच एक वाट चुकून लुगड्याच्या काठात शिरलेला. तिच्या बोटांना राहवेना.

"आक्का, ही ओळ मी नीट करून देऊ?"

"का गं? पळून चाललीय व्हय ती?"

शर्वरीनं हात मागे घेतला. जगात अन्याय होतो तो असा, तिला वाटलं. जिथं ज्ञान आहे तिथं लोक हसतात, आणि असल्या टाक्यांखाली मात्र सुखानं झोपतात! आणि हा फकीर, ज्याच्याकडे ती एवढ्या उन्हातून आशेनं आली, तो चहा पितोय.

"बाबा, माझा टाका वाईट आहे का?"

"नाही."

"कापड?"

"चांगलं आहे."

"मग शिवणीत काही...?"

"शिवणीत काही नाही," बाबा म्हणाले.

ते वाकळीवरून उठले. चहाच्या पेल्याचं एक ओलं वर्तुळ खाकी चौकोनावर उमटलं होतं. शर्वरी ते ओढणीनं पुसायला वाकली, तोवर बाबांनी तिच्या शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री उचलली होती. वाकळीच्या ऐन मध्यावर त्यांनी एक टाका कापला. मग दुसरा. मग तिसरा.

तिला कळेपर्यंत वीतभर शिवण उसवली होती.

"अहो, काय करताय!"

बाबा शांतपणे तुटलेले दोरे उपसत होते. एकेक दोरा काढून मांडीवर ठेवत होते, जणू केस विंचरून गुंता काढताहेत. मध्ये एक तोंड उघडं पडलं. दोन थरांमध्ये हात जाईल एवढं.

शर्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. चार महिने. रात्र रात्र. बोटांना पडलेली भोकं.

"चार महिने लागले होते मला!"

"हां."

"आता आईला काय दाखवू मी?"

"हेच." बाबांनी ओवलेली सुई त्या उसवलेल्या कडेला टोचून ठेवली. दोरा लोंबत राहिला. "आईला म्हण, उसवलंय. म्हण, मला नीट करता येत नाही."

"पण मला येतं!"

बाबांनी मांडीवरचे तुटलेले दोरे गोळा केले.

"मला येतं बाबा. पाच मिनिटांचं काम आहे. इथंच करते आत्ता. मग मी तिच्याशी खोटं का बोलू? मी शिकलेय हे. पदवी आहे माझ्याकडं!"

"आहे ना," बाबा म्हणाले.

"मग?"

...

ताराक्का खाली मान घालून शिवत होती. टाका लांब, टाका आखूड.

शर्वरीनं वाकळ गोळा केली, घडीसुद्धा न घालता छातीशी धरली, डबा काखेत मारला, चपला पायांत सरकवल्या आणि ती ओटा उतरली. डोक्यात नुसता कल्लोळ माजला होता. टाका चांगला, कापड चांगलं, शिवण चांगली, मग उसवायचं कशाला? येत असताना येत नाही म्हणायचं, हे कसलं शिक्षण? किती मोठ्या आशेनं ती या माणसाचं नाव ऐकून आली होती! आईला आता काय सांगायचं? पाच मिनिटांत घरी बसून शिवून टाकू, कुणाला कळणारही नाही. की...

चालता चालता तिचा हात आपोआप त्या भोकात गेला. आत मऊ होतं. रिकामं होतं.

ती माळाच्या कडेपर्यंत आली. तिथं तिला आठवलं, कात्री बाबांच्याच हातात राहिली. चांगली कात्री होती. अण्णांनी पहिल्या वर्षी घेऊन दिलेली.

ती परत फिरली. पाय आपटतच.

उन्हं कलली होती. चिंचेची सावली ओट्यावरून उतरून माळावर लांब पसरली होती. ती ओट्याच्या मागच्या अंगानं आली. बाबांची पाठ तिच्याकडे होती.

आपली ओवलेली सुई त्यांनी तिच्या वाकळीत देऊन टाकली होती. त्यामुळे आता हातात दुसरी होती. त्यांनी ती मावळतीकडे हातभर लांब धरली. दुसऱ्या हातात दोरा. डोळे किलकिले नाहीत की मान पुढं नाही.

दोरा नेढ्यात गेला. पहिल्याच फटक्यात.

"आक्का," ते म्हणाले, "तुझ्या तिकडच्या कडेला, काठाजवळ, एक टाका सुटलाय बघ."

"व्हय की वं," ताराक्का म्हणाली.

शर्वरी जागच्या जागी उभी राहिली. छातीशी धरलेल्या वाकळीतून तो सुईचा दोरा लोंबत होता, वाऱ्यानं तिच्या मनगटाला लागत होता.

"बाबा..."

ताराक्कानं तिला पाहिलं आणि जीभ चावली.

"बाबा, तुम्हाला... दिसतं?"

बाबा वळले. तिच्याकडे पाहिलं, मग वाकळीकडे. कात्री उचलून तिच्यापुढे सरकवली. आणि दोन बोटांनी धरून, सावकाश, तो ओवलेला दोरा आपल्या हातातल्या सुईतून बाहेर ओढून काढला.

सुई आणि दोरा त्यांनी तिच्यापुढे धरला.

"ओवून दे बेटी. मला येत नाही."