अंगणात आपणहून उगवलेलं झाड

पाय आत घ्या आधी. ज्याचा पाय पांघरुणाबाहेर, त्याच्यासाठी गोष्ट नाही. हं, आता ऐका.

तर एका गावात एक अंगण होतं. या गोष्टीत राजा नाही, बरं का. सासूबाई आहेत, त्या पुरेत.

एकदा काय झालं, वाऱ्यावर गिरक्या घेत एक बी आलं. चपटं, तपकिरी, कागदाच्या कपट्यासारखं. अंगणात भिंतीच्या कडेला पडलं, आणि मग उगवलं. कुणी लावलं नाही, कुणी पाणी घातलं नाही.

त्याच सुमारास त्या घरात नवी सून आली. तिला मात्र वाजतगाजत आणलेली. माहेरी तिचं नाव येसू. सासरी ताटात तांदूळ पसरले आणि त्यावर अंगठीनं लिहिलं, सुलोचना. झालं. कुणी "सुलोचना" म्हणून हाक मारली की ती आधी मागे वळून बघायची, ही कोण बाई आलीय म्हणून. धाकटी नणंद चिमी, तुमच्याएवढीच. वेणी घालून घेताना तिनं एकदा विचारलं, "वहिनी, तुमचं पहिलं नाव काय हो?" विचारणारी ती एकटीच, म्हणून सांगितलं तेही तिलाच.

झाडाला चार पानं फुटली तशा सासूबाई म्हणाल्या, "उपटू नका रे कुणी! कडुनिंब आहे. आपल्या पायानं दारी आलाय." मग हळदकुंकू वाहिलं.

सून बघत होती. कडुनिंबाचं पान बोटाएवढं. याचं तळहाताएवढं. पण हळद उतरायच्या आत सुनेनं बोलायचं नसतं.

मग झाड वाढायला लागलं. सकाळी गुडघ्याशी, तर संध्याकाळी कमरेशी. पाडव्यापर्यंत कौलांच्या वर गेलं. पानाचा देठ गळाला की खोडावर खूण राहायची. कशी माहितेय? मिटलेल्या डोळ्यासारखी. सगळं खोड अशा डोळ्यांनी भरलेलं.

पाडव्याला गुढीला तोच पाला बांधला. तोच गूळ, ओवा, हिंग घालून वाटला. सगळ्यांनी दरवर्षीसारखी तोंडं वाकडी केली. सुनेच्या नाकाला लागला तो नुसता हिंग.

आणि त्या दिवशी दिवेलागणीला झाड बोललं.

"मी कोण?"

विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज.

सासूबाई तुळशीशी दिवा लावत होत्या. म्हणाल्या, "कोण म्हणजे? कडुनिंब!"

झाड हसलं. गदगदा हललं. हसता हसता एक पान गळालं, ते मुळ्यांनी लगेच ओढून घेतलं. मग सासूबाई बुंध्याशी बसल्या त्या बसल्याच. नाव विचारलं तर नुसत्या बघत राहिल्या. घरातही कुणाला त्यांचं नाव आठवेना. खोडावरचा एक डोळा हळूच उघडला. आणि सासूबाईंच्या टाचेवर साल चढायला लागली. झाडाची साल, बरं का.

मामंजी कुऱ्हाड घेऊन धावले. तशी मुळ्यांनी भिंत आवळली. कौलं खडखडली. एक घाव घातला असता तर घर खाली आलं असतं. अंगणाच्या बाहेरच्या दाराला तर मुळ्यांचा विळखाच पडला होता. आत होते ते आत राहिले.

दुसऱ्या संध्याकाळी झाडानं मामंजींना विचारलं, "मी कोण?"

"रिठा. मी काय आज बघतोय झाडं?"

झाड हसलं. मामंजी बसले सासूबाईंशेजारी. दुसरा डोळा उघडला.

तिसऱ्या संध्याकाळी सुनेच्या नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "थांब, थांब... शिरीष का?"

झालं. सुनेनं त्याला हाक मारायला उखाणा आठवून पाहिला. यमक तेवढं उरलं होतं, नाव गळून गेलं होतं.

मग झाडानं एक फांदी खाली वाकवली. ती चिमीच्या कपाळावर टेकवली.

"उद्या तू."

चिमी रडली नाही. तिला रडूच फुटेना.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलला. सून पदर खोचून झाडाखाली उभी राहिली.

"वहिनी, तुम्हाला माहितेय नाव?"

"नाही."

"मग हो?"

"पान हवंय. माहेरी गुरांमागे जायचे ना मी, तेव्हा पान चुरडून वास घेतला की झाड कळायचं. पण बोलायला लागल्यापासून हे हसल्याशिवाय पान टाकत नाही."

"मी कोण?" झाड म्हणालं.

सून म्हणाली, "तू वांग्याचं झाड."

अगं बाई, काय हसलं ते! कौलं नाचली. पान सुटलं, ते सुनेनं वरच्यावर पदरात झेललं. पण उत्तर चुकलं ते चुकलंच. तिचे पाय जड झाले. खोडावर नवा डोळा उघडला. सुलोचना हे नाव गेलं. हातात पान होतं, पण ते कशासाठी धरलंय ते आठवेना. ती बुंध्याकडे बसायला निघाली.

तेवढ्यात चिमी किंचाळली, "येसू! अहो, येसूवहिनी!"

आणि सुनेनं चटकन मान वळवली. ते नाव तांदळात कुणी लिहिलंच नव्हतं. झाडाला ते ठाऊकच नव्हतं.

मग येसूनं पान चुरडलं. नाकाशी धरलं. शी! बोकड बांधलेल्या कोंदट गोठ्याचा वास. कडेला मोठाले दाते, बुडाशी एका अंगाला कललेलं पान. आणि तिला माहेरची वाट आठवली, मागच्या पायांवर उभ्या राहून पाला ओरबाडणाऱ्या शेळ्या आठवल्या.

"महारूख," ती म्हणाली. "तू महारूख आहेस. तुला उगाच कडुनिंब केलं."

पान हलेना. मग खोडावरचे डोळे मिटले, एकामागून एक. मुळ्यांनी दार सोडलं. सासूबाईंच्या पायाची साल गळून पडली. त्यांनी शिंक दिली आणि ओरडल्या, "गोदावरी! मी गोदावरी!" येसूच्या तोंडातून नवऱ्याचं नाव निघालं, "केशव!" उखाण्याशिवाय. कुणी रागावलं नाही.

ते झाड पुन्हा कधी बोललं नाही. चारचौघा झाडांसारखं वाढलं. गावातल्या शेळ्या पाला खाऊन गुबगुबीत झाल्या. मामंजी मात्र अजून म्हणतात, "लांबून रिठाच वाटतो."

आणि सासूबाईंनी तांदळाचं ताट आणून सुनेपुढे ठेवलं. म्हणाल्या, "घे. तुझ्या हातानं लिही." तिनं बोटानं लिहिलं, येसू. मग त्याच तांदळाचा भात केला. सगळे पोटभर जेवले आणि सुखानं राहिले.

संपली गोष्ट. खिडकीखाली नवं काय उगवलंय, ते आत्ता मला विचारू नका. मीही पाहिलंय. उद्या उजेडात पान चुरडून बघू. तोवर कुणी विचारलं, कितीही गोड आवाजात विचारलं, तरी अंदाजानं नाव सांगायचं नाही. डोळे मिटा. दिवा मालवते.