जीपचं पाचवं चाक

डोंगरपाड्यावरची बुधाबाई गभाले दरसाल तीन जातींचा भात लावायची: एक कमी पाण्यात तगणारा, एक पुरात न कुजणारा, एक उशिरा पिकणारा. शेतीखात्याचे साहेब जीपमधून आले आणि बियाण्याची कणगी उघडायला लावून गरजले, “हा पसारा कशाला? जुनं बियाणं आजच जमा करा. आमचं एकच वाण भरघोस पिकतं!”

सासूने राखलेलं बी असं जाऊ द्यायला म्हातारी बुधाबाई तयार नव्हती. तिने जीपभोवती चक्कर मारली.

“सायेब, गाडी चार चाकांवर पळती, मंग मागं हे पाचवं कशाला?”

“वाटेत एखादं पंक्चर झालं तर?”

“तुमची सडक जागची हलत नाय, तरी जादा चाक बाळगता. आमचा पाऊस तर दरसाल वाट बदलतोय!”

साहेब बियाणं न घेताच जीपमध्ये बसून निघून गेले. बुधाबाईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि कणगीचं तोंड पुन्हा शेणाने लिंपलं.