ठकूबाईचा खराटा

"…आणि म्हातारपणी त्या पेशी झाडायचं सोडून नुसत्या कावत बसतात, तर त्यांना काढून तरण्या का घालू नयेत, आई?"

डोंगरावरच्या मठात सयाजी हे मठ सांभाळणाऱ्या केसरआईला विचारत होता. पोरवयात त्याने तिच्याच पुढ्यात अक्षरं गिरवली होती. आता तो फुप्फुसांचा मोठा संशोधक झाला होता, आणि ते त्याच्या बसण्यातही दिसत होतं.

त्याने तिला समजावून सांगितलं. श्वासाबरोबर धूळ, काजळी, जंतू आत जातात. ते गिळून फुप्फुस साफ ठेवणाऱ्या पेशी असतात. वय झालं, आत बारीकसा दाह कायमचा मुक्कामाला आला, की त्या निम्मी घाण तशीच ठेवतात आणि धोका नसताना हाकाटी करतात. त्या हाकाटीने दाह आणखी वाढतो.

"आमच्या ठकूबाईवाणी," केसरआई म्हणाली.

अंगणात म्हातारी ठकूबाई खराटा फिरवत होती, खोकत होती, आल्यागेल्याला शिव्या घालत होती. सगळा जन्म तिने मठातच काढलेला. खाली गावात तिचं कुणी उरलं नव्हतं. सयाजी म्हणाला, तिलाही आता वृद्धाश्रमात ठेवू, खर्च माझा. झाडायला कुणीतरी तरणा बघा.

ठकूबाईचा खराटा थांबला. तिने ऐकलं होतं.

"तू तरणाच आहेस की," केसरआई म्हणाली. "आजच्या दिवस तू झाड."

सयाजी हसला आणि बाह्या सारून उठला. ठकूबाई पायरीवर बसून बघत राहिली.

अंगणाच्या मधोमध मठाची धुनी. तिच्यात एक जाडजूड ओलं खोड पडलेलं, धड पेटत नव्हतं, धड विझत नव्हतं. गेल्या महिन्यात सयाजीनेच देणगी म्हणून ट्रॅक्टरभर लाकूड पाठवलं होतं, त्यातलंच ते. धूर खाली बसत होता, काजळी उतरत होती. तो एक कोपरा झाडून वळेपर्यंत दुसरा काळा.

दुपार कलली. डोळे लाल झाले, घसा बसला, अर्धं अंगण तसंच. तेवढ्यात एक भाविक चपला घालून आत आला.

"डोळे फुटले का रे तुझे?"

भाविक दचकला. सयाजीही दचकला.

"माझीच शिवी वापरतोय मेला," ठकूबाई म्हणाली.

सयाजी मटकन खाली बसला. खोकला आवरत म्हणाला,

"आई, मी घातल्या होत्या. तरण्या पेशी, म्हाताऱ्या उंदरांच्या फुप्फुसांत."

केसरआईने धुनीकडे पाहिलं.

"महिन्याभरात त्याही कावायला लागल्या. मला वाटलं, माझ्या हातून काही चुकलं. कुणाला सांगितलं नाही…"

केसरआई उठली. चिमट्याने तिने ते खोड धुनीतून ओढलं, फरफटत कुंपणाबाहेर नेलं आणि त्यावर घागर रिती केली. धुनीत मूठभर कोरडे निखारे राहिले. त्यांवर तिने एक गोवरी ठेवली. बारीक, स्वच्छ ज्योत वर आली.

धूर विरला. समोरचा डोंगर दिसायला लागला.

मग तिने सयाजीच्या हातातून खराटा काढून घेतला आणि पायरीकडे धरला.

"ऊठ ठकू. पोरगं म्हातारं झालं."